वेडाचे पांघरूण आणि कवीचे उत्तर

१

'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार मोठा मार्मिक आहे. वेड जसे माणसाला लागते तसे ते सोयीसाठी अंगावर घेताही येते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. मात्र एका शक्यतेचा विचार या वाक्प्रचारात नाही. ज्याने स्वतः वेड पांघरलेले नाही अशा माणसावर इतरांनीच, आणि तेही त्याच्या हितचिंतकांनी, ते पांघरूण घातले तर काय? आणि हा माणूस लेखक असला, म्हणजे आपले शब्द जगाने गंभीरपणे घ्यावेत एवढेच ज्याचे जगाकडे मागणे आहे असा असला, तर त्याच्या शब्दांचे पुढे काय होते?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस दोन मोठ्या लेखकांच्या बाबतीत हा प्रश्न उभा राहिला. एक अमेरिकन कवी एझ्रा पाउंड आणि दुसरा नॉर्वेचा कादंबरीकार क्नूट हाम्सून. दोघांवरही देशाच्या शत्रूची बाजू घेतल्याचा आरोप होता. दोघांचीही मनोविकारतज्ज्ञांनी तपासणी केली. दोघांनीही त्या बंदिवासाच्या काळात एकेक पुस्तक लिहिले आणि ती दोन्ही पुस्तके वाङ्मयात टिकून राहिली आहेत. तज्ज्ञांचे अहवाल आणि ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर आपल्या समीक्षेच्या एका जुन्या सवयीवर प्रकाश पडतो असे मला वाटते.

प्रथम कायद्याची बाजू थोडी स्पष्ट केली पाहिजे. कारण या विषयावरची वाङ्मयीन चर्चा पुष्कळदा तेथेच घसरते. आरोपीच्या मनःस्थितीचा प्रश्न न्यायालयात दोन निरनिराळ्या अर्थांनी उपस्थित होतो. गुन्हा घडला त्या वेळी आपण काय करीत आहोत हे त्याला कळत होते का, हा पहिला प्रश्न. इंग्लंडमधील १८४३ च्या मॅक्नॉटन प्रकरणातून त्याचे नियम बांधले गेले. दुसरा प्रश्न आजचा आहे. न्यायालयात काय चालले आहे हे आरोपीला आता समजते का, आपल्या वकिलाशी विचारविनिमय करून त्याला स्वतःचा बचाव करता येईल का? १८३६ साली एका मुक्याबहिऱ्या आरोपीच्या खटल्यात इंग्लिश न्यायाधीशाने या प्रश्नाला आकार दिला. १९६० साली डस्की खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची कसोटी नेमक्या शब्दांत मांडली. आपल्याकडेही १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेपर्यंत ही तरतूद चालत आलेली आहे.

पहिल्या प्रश्नाचा निकाल आरोपीच्या बाजूने लागला तर तो शिक्षेतून सुटतो. दुसऱ्या प्रश्नाचे तसे नाही. येथे आरोपी सुटत नाही आणि दोषीही ठरत नाही. खटलाच थांबतो. या तरतुदीमागची भावना निःसंशय माणुसकीची आहे. ज्याला उत्तर देता येत नाही त्याला जाब विचारू नये, इतका तिचा अर्थ सरळ आहे. परंतु या माणुसकीची एक किंमत असते. ज्याला जाब विचारायचा नाही त्याचे उत्तरही ऐकायचे राहून जाते. सामान्य आरोपीच्या बाबतीत ही किंमत त्याचे स्वातंत्र्य मोजते. लेखकाच्या बाबतीत ती त्याचे शब्दही मोजतात.

२

पाउंडचे नाव मराठी वाचकाला बहुधा एलियटच्या द्वारा परिचित झालेले असते. 'द वेस्ट लँड' हे १९२२ चे काव्य ज्याने कठोरपणे छाटून त्याला आजचे रूप दिले, आणि एलियटने कृतज्ञतेने ते ज्याला अर्पण केले, तो हा पाउंड. १८८५ साली अमेरिकेत जन्मलेला हा कवी १९०८ मध्ये लंडनला आला, पुढे पॅरिसला गेला आणि १९२४ पासून इटलीत रापाल्लो येथे स्थायिक झाला. मुसोलिनीच्या राजवटीबद्दल त्याला आदर वाटू लागला. व्याजबट्टा हेच जगातील सर्व अनर्थांचे मूळ आहे असे एक अर्थशास्त्र त्याने मनाशी रचले, आणि त्या अर्थशास्त्रातून तो ज्यूद्वेषापर्यंत जाऊन पोहोचला. १९४१ ते १९४३ या काळात त्याने रोम नभोवाणीवरून अमेरिकेला उद्देशून भाषणे केली. त्यांत रूझवेल्टवर शिव्याशाप होते, युद्धाचा निषेध होता, आणि ज्यूंविरुद्ध आज वाचतानाही अंगावर शहारे यावेत असे विष होते.

जुलै १९४३ मध्ये वॉशिंग्टन येथे त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. हे कळताच पाउंडने अमेरिकेच्या अॅटर्नी जनरलना पत्र लिहिले आणि आपल्या भाषणांचे समर्थन भाषणस्वातंत्र्याच्या तत्त्वावर केले. हे पत्र महत्त्वाचे आहे. बरोबर असो वा चूक, त्या वेळी या माणसाजवळ स्वतःचे उत्तर तयार होते.

मे १९४५ मध्ये तो पकडला गेला. पिसाजवळच्या अमेरिकन लष्करी शिक्षाछावणीत त्याला उघड्यावरच्या एका पोलादी पिंजऱ्यात सुमारे तीन आठवडे ठेवण्यात आले. दिवसा ऊन, रात्री डोळ्यांवर दिव्यांचा झोत, आणि बोलायला कोणी नाही. साठीला टेकलेला तो माणूस तेथे खचला. छावणीतील लष्करी मनोविकारतज्ज्ञांना त्याच्यात उघड मनोविकृती दिसली नाही. पण वयाचा विचार करता तो असाच राहिला तर कोसळेल असा इशारा त्यांनी दिला, आणि त्याला वैद्यकीय विभागाच्या तंबूत हलवण्यात आले. तेथेच, दवाखान्याचे काम संपल्यावर रिकाम्या असलेल्या टंकलेखन यंत्रावर, त्याने 'पिझान कँटोज'चे हस्तलिखित तयार केले.

नोव्हेंबरमध्ये त्याला वॉशिंग्टनला आणण्यात आले. न्यायाधीश बोलिथा लॉज यांच्यासमोर तो काहीच बोलला नाही. त्याचे वकील ज्यूलियन कॉर्नेल यांनी तो बोलण्याच्या स्थितीत नाही असे सांगितले. चार तज्ज्ञांनी त्याला तपासले. तिघे सरकारी सेवेतले आणि चौथे बचावपक्षाने निवडलेले. डिसेंबरच्या मध्यास चौघांनी एकमताने अहवाल दिला. पाउंड विक्षिप्त, आत्मकेंद्रित आणि स्वतःविषयी अवास्तव कल्पना बाळगणारा आहे, त्याचे बोलणे भरकटते, त्याचे लक्ष एका विषयावर टिकत नाही, आणि संशयग्रस्त मनोविकारामुळे तो वकिलाला योग्य सल्ला देण्यास व बचावात समजून भाग घेण्यास असमर्थ आहे, असा त्याचा आशय होता. १३ फेब्रुवारी १९४६ रोजी ज्यूरीपुढे सुनावणी झाली. फॅसिझमचा उल्लेख होताच पाउंड उसळून उठला आणि आपण फॅसिझमवर कधीच विश्वास ठेवला नाही असे ओरडला. ज्यूरीने काही मिनिटांतच तो खटल्याला अपात्र असल्याचा निर्णय दिला.

या निर्णयामागील करुणा समजून घेतली पाहिजे. देशद्रोहाला देहान्ताची शिक्षा होती. त्याच जानेवारीत लंडनमध्ये विल्यम जॉइस याला बर्लिन नभोवाणीवरील भाषणांबद्दल फाशी दिले होते. कवीचा प्राण वाचवायचा तर दुसरा मार्ग कोणता, असे त्याच्या मित्रांना वाटले असल्यास त्यात नवल नाही. परंतु दुसरी बाजूही आहे. अमेरिकन राज्यघटनेप्रमाणे देशद्रोह सिद्ध करण्यास एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार लागतात. खटला चालला असता तर पाउंड सुटलाही असता, आणि दोषी ठरला असता तरी त्याला किती शिक्षा झाली असती हे कोणालाच सांगता येणार नाही. झाले ते असे, की कोणत्याही गुन्ह्याबद्दल दोषी न ठरता तो साडेबारा वर्षे वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या वेड्यांच्या इस्पितळात राहिला.

त्या वर्षांत त्याने कन्फ्यूशियसच्या परंपरेतील चिनी गीतसंग्रहाचे भाषांतर केले, सोफोक्लीसचे एक नाटक इंग्रजीत आणले, आणि 'कँटोज'चे नवे खंड लिहिले. एलियट, लोवेल, एलिझाबेथ बिशप असे कवी त्याला भेटायला येत. वंशद्वेषाचे प्रचारकही येत, आणि त्यांनाही तो शिकवीत असे. वकिलाशी बोलण्यास असमर्थ ठरवलेला माणूस सोफोक्लीसशी बोलत होता, ही विसंगती कोणाच्याही लक्षात येण्यासारखी होती. १९५८ मध्ये रॉबर्ट फ्रॉस्ट प्रभृतींच्या खटपटीनंतर वकील थर्मन आर्नल्ड यांनी अर्ज केला. इस्पितळाचे प्रमुख विन्फ्रेड ओव्हरहोल्झर, जे मूळच्या चौघांपैकी एक होते, त्यांनी प्रतिज्ञापत्र दिले की हा रोगी कधीच बरा होणार नाही, मात्र त्याच्यापासून कोणाला धोका नाही. त्याच न्यायाधीश लॉज यांनी आरोप काढून टाकले. म्हणजे पाउंड सुटला तोही बरा झाला म्हणून नव्हे. तो बरा होणे शक्य नाही म्हणून सुटला. इटलीला पोहोचल्यावर त्याने फॅसिस्ट पद्धतीचा सलाम केला आणि सगळी अमेरिकाच वेड्यांचे इस्पितळ आहे असे उद्गार काढले.

त्याच्यामागे निदान कवी उभे होते. आपल्याच देशात, आसाममध्ये, १९५१ साली अटक झालेला एक तरुण मनोरुग्णालयात पाठवला गेला. तो बरा असल्याचे पुढे नमूद झाले, तरी खटला न चालता तो कैदेतच राहिला आणि २००५ साली म्हातारा होऊन बाहेर आला. त्याच्यासाठी अर्ज करायला कोणी फ्रॉस्ट नव्हता. अपात्र ठरवलेल्या माणसाला बरा होण्याची शक्यता नसताना अमर्याद काळ डांबून ठेवता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये दिला. त्याच वर्षी पाउंड व्हेनिसमध्ये वारला.

३

पाउंड खरोखर वेडा होता का, यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. टॉमस सास यांनी १९६५ मध्ये खटल्याला अपात्र ठरवण्याच्या प्रथेवरच कठोर हल्ला केला. सेंट एलिझाबेथ्समध्ये काम केलेले ई. फुलर टॉरी यांनी १९८० नंतरच्या दशकात कागदपत्रे तपासून असे प्रतिपादले, की पाउंड मनोविकृत नव्हता आणि ओव्हरहोल्झर यांनी त्याला पाठीशी घातले. या वैद्यकीय वादात निवाडा देण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. तीन आठवडे पिंजऱ्यात काढलेल्या माणसाचे मन डिसेंबरात कसे होते हे दूरवरून सांगण्याचा आव कोणी आणू नये. समीक्षकाचा अधिकार चालतो तो कवितेपुरता. तेव्हा कविता काय सांगते ते पाहू.

तज्ज्ञांनी पाउंडच्या बोलण्याचे केलेले वर्णन 'कँटोज'च्या वाचकाला फार ओळखीचे वाटते. एका विषयावरून दुसऱ्यावर उडी, मधले दुवे गाळणे, स्वतःच्या ज्ञानाविषयी अमर्याद विश्वास, जगाचा कारभार सुधारण्याची किल्ली आपल्याजवळ आहे ही भावना. हे सारे त्याच्या काव्यात दोन दशकांपूर्वीपासून होते, आणि समीक्षक त्याला रचनातंत्र म्हणत होते. चिनी चित्रलिपीत जशा दोन आकृती शेजारी ठेवून तिसरा अर्थ उभा करतात, तशा घटना आणि प्रतिमा शेजारी ठेवायच्या आणि दुवा वाचकाने जोडायचा, अशी ती रीत होती. डॉक्टरांनी ज्याला लक्षण म्हटले त्याला रसिक शैली म्हणत होते. दोघांपैकी कोणी तरी चुकले असेच मानण्याचे कारण नाही. तीच गोष्ट दोन्ही असू शकते. परंतु ज्याने आयुष्यभर तसेच लिहिले त्याचे तसे बोलणे हा केवळ १९४५ चा आजार, असे मात्र कविता वाचणाऱ्याला म्हणता येणार नाही.

'पिझान कँटोज' हे चौऱ्याहत्तर ते चौऱ्याऐंशी असे अकरा सर्ग आहेत. जवळ पुस्तके जवळजवळ नाहीत. कन्फ्यूशियसचे एक पुस्तक, एक चिनी कोश, आणि छावणीच्या शौचकूपात सापडलेला इंग्रजी कवितांचा एक स्वस्त संग्रह, एवढाच ग्रंथसंग्रह. बाकी सारे स्मरणातून आलेले आहे. लंडनमधले मृत मित्र येतात, येट्सच्या सहवासातले दिवस येतात. पिसाजवळच्या डोंगरात कवीला चीनमधला पवित्र ताइशान पर्वत दिसतो. तारांवर बसलेले पक्षी त्याला संगीताच्या स्वरलिपीसारखे वाटतात. मुंगी, गांधीलमाशी, पुदिन्याचा वास यांच्याकडे तो असा पाहतो, की जणू पाहणे हाच त्याच्या जिवाचा शेवटचा आधार आहे. पेटीच्या फळ्यांतून आपल्याला एक टेबल करून देणाऱ्या निग्रो सैनिक-कैद्याची तो कृतज्ञतेने नोंद ठेवतो. दयेची ही नोंद या साऱ्या काव्यातले एक अत्यंत साधे आणि सुंदर स्थळ आहे.

आणि याच काव्याचा आरंभ मुसोलिनीच्या मरणाच्या शोकाने होतो. ज्यूंविषयीचे हीन उल्लेख याच सर्गांत येतात, व्याजबट्ट्याचे ते जुने पालुपद येथेही वाजत राहते. वाचकाची खरी अडचण येथे आहे. हे उल्लेख वेगळ्या, ढासळलेल्या शैलीत आले असते तर आपण म्हणालो असतो की येथे रोगी बोलत आहे आणि तेथे कवी. पण तसे होत नाही. तोच कान आहे, तीच लय आहे, मधले दुवे गाळण्याची तीच रीत आहे. पुदिना हुंगणारे मन आणि द्वेष ओकणारे मन एकच आहे. वाईट ओळी वेडाच्या खात्यावर आणि चांगल्या ओळी प्रतिभेच्या खात्यावर मांडण्याची सोय ही कविता आपल्याला देत नाही. आणि ती देत नाही हेच मला तिचे मोठे सत्य वाटते.

एक्क्याऐंशीव्या सर्गातला अहंकार टाकण्याचा उपदेश करणारा भाग तर सर्वांना माहीत आहे. त्यात कवी स्वतःला बजावतो आहे, की आपल्याला पकडणाऱ्या विजेत्यांना? अनेकांनी त्यात पश्चात्ताप पाहिला आणि समाधान मानले, काहींनी त्यात ताठा पाहिला. माझ्या मते दोन्ही वाचनांना त्या ओळींत जागा आहे. न्यायालय कवितेचा अर्थ विचारत नाही हे खरे. पण खटला चालला असता तर 'तुम्ही जे बोललात त्याविषयी आज तुमचे म्हणणे काय' हा प्रश्न तरी पाउंडला उघडपणे विचारला गेला असता. तो कधी विचारलाच गेला नाही, म्हणून त्या ओळींना वाचकांनी आपापल्या मनातले उत्तर चिकटवले.

४

हाम्सूनची कथा याच्या उलट दिशेने जाते. 'भूक' ही त्याची कादंबरी १८९० ची. १९२० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९४० मध्ये जर्मनांनी नॉर्वे व्यापल्यावर त्याने आपल्या देशबांधवांना प्रतिकार सोडून देण्याचे आवाहन करणारे लेख लिहिले, १९४३ मध्ये आपले नोबेल पदक गोबेल्सला पाठवले, आणि ७ मे १९४५ रोजी, सारे संपल्यावर, वृत्तपत्रात हिटलरचा गौरव करणारा मृत्युलेख लिहिला. याला भ्याड म्हणता येत नाही. त्या दिवशी त्या लेखातून मिळण्यासारखे काहीच उरले नव्हते.

ज्याच्या कादंबऱ्या वाचून एक पिढी वाढली त्या शहाऐंशीच्या घरातल्या बहिऱ्या म्हाताऱ्याला तुरुंगात कसे टाकावे, हा नॉर्वेपुढे पेच होता. ऑस्लोच्या मनोरुग्णालयात गाब्रिएल लांगफेल्ट आणि त्यांचे सहकारी ओडेगार्ड यांनी त्याची काही महिने तपासणी केली. त्याच्या वैवाहिक जीवनातील खासगी गोष्टीही त्यांनी पत्नीकडून काढून घेतल्या, आणि त्यामुळे त्या दोघांत कित्येक वर्षांचा दुरावा आला. फेब्रुवारी १९४६ मध्ये निष्कर्ष आला तो असा, की तो वेडा नाही, मात्र त्याच्या मानसिक शक्ती कायमच्या क्षीण झालेल्या आहेत. या वाक्याने सरकारची सुटका झाली. फौजदारी खटला रद्द झाला, आणि डिसेंबर १९४७ मध्ये ग्रिमस्टाड येथे केवळ नुकसानभरपाईचा दावा चालला.

पाउंड आणि हाम्सून यांत फरक पडतो तो येथे. हाम्सूनला हे पांघरूण नको होते. आपण लिहिले ते आपण लिहिले आहे, त्याचा न्याय करायचा तर करा, ही त्याची भूमिका होती. न्यायालयात तो स्वतः उभा राहून बोलला. त्याला मोठा दंड झाला. आणि १९४९ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्याने 'रान माजलेल्या पाऊलवाटांवर' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. अटकेपासून निकालापर्यंतची ती तीन वर्षांची रोजनिशी आहे. त्यात वृद्धाश्रमातले फिरणे आहे, फाटके बूट आहेत, जुन्या आठवणी आहेत, न्यायालयातले स्वतःचे भाषण आहे, आणि आपल्याला तपासणाऱ्या प्राध्यापकाला दिलेले सडेतोड उत्तर आहे. गद्य इतके हलके, इतके खट्याळ आणि इतके नेमके आहे, की मानसिक शक्ती क्षीण झाल्याच्या निदानाचा पराभव करण्यास त्याची कोणतीही दोन पाने पुरेशी आहेत.

मात्र येथे एक धोका आहे आणि अनेक चाहते त्यात सापडले. पुस्तक शहाण्याचे आहे म्हणून ते निर्दोष ठरत नाही. हाम्सूनने उत्तर दिले हे खरे. पण ते उत्तर काय आहे? आपण लिहितो ते चूक आहे असे आपल्याला कोणीच सांगितले नाही, ही त्याची तक्रार आहे. व्यापलेल्या नॉर्वेतून मृत्यूच्या छावण्यांकडे नेलेल्या ज्यूंसाठी त्या पुस्तकात जागा नाही. स्वतःच्या बुटांविषयी इतक्या मायेने लिहिणाऱ्या लेखकाच्या पुस्तकातली ही रिकामी जागा भयंकर आहे. परंतु ती आपल्याला दिसू शकते, आणि तिच्याबद्दल आपण त्याला दोष देऊ शकतो, तो कशामुळे? त्याने स्वतःला उत्तरदायी मानले म्हणून. त्याने वेडाचे पांघरूण झुगारले, आणि म्हणून वाचकाला त्याच्याशी भांडण्याचा हक्क मिळाला. पाउंडच्या बाबतीत हा हक्क आपल्याला अर्धवटच मिळाला आहे.

५

आता मूळ मुद्द्याकडे येतो. फेब्रुवारी १९४९ मध्ये, पाउंड इस्पितळात असतानाच, 'पिझान कँटोज'ला बोलिंगन पारितोषिक जाहीर झाले. निवडसमितीत एलियट, ऑडेन, लोवेल यांसारखे कवी होते. ज्यू असलेल्या कार्ल शपिरोने विरोधी मत दिले. काव्यगुणांखेरीज दुसरा कोणताही विचार करणे म्हणजे वाङ्मयीन मूल्यांचा पायाच काढून घेणे होय, अशी समितीची भूमिका होती. त्यावर केवढे वादळ उठले! पारितोषिकाशी काँग्रेसच्या ग्रंथालयाचा संबंध तोडण्यात आला आणि पुढे ते येल विद्यापीठाकडे गेले.

ही चर्चा आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथापासून आशय आणि आविष्कार यांचा वाद मराठी समीक्षा सतत करीत आलेली आहे, आणि कलाकृतीचे मूल्य तिच्या घटनेत, तिच्या लयीत शोधावे ही शिकवण आपण त्यातून घेतलेली आहे. ती शिकवण मोलाची आहे. 'पिझान कँटोज'ला पारितोषिक देण्यात समितीने चूक केली असे मी म्हणणार नाही. ते काव्य त्या योग्यतेचे आहे. पण समितीच्या युक्तिवादात आणि चार डॉक्टरांच्या अहवालात एक विलक्षण साम्य आहे. डॉक्टर म्हणाले, हा माणूस आपल्या शब्दांची जबाबदारी न्यायालयात घेऊ शकत नाही. समिती म्हणाली, या शब्दांची जबाबदारी काव्य म्हणून विचारण्याचे कारण नाही. दोघांनी शब्द आणि बोलणारा यांची फारकत केली. एकांनी करुणेपोटी, दुसऱ्यांनी कलेच्या प्रेमापोटी. परिणाम एकच झाला. द्वेषाच्या त्या ओळी अनुत्तरित राहिल्या.

शिवाय आजच्या स्थितीविषयीचा निष्कर्ष मागे पसरत जातो. ज्यूरीने सांगितले होते ते एवढेच, की फेब्रुवारी १९४६ मध्ये पाउंड आपला बचाव करू शकत नाही. १९४१ मध्ये ध्वनिक्षेपकासमोर बसलेला पाउंड वेडा होता असे तिने म्हटले नव्हते. तो प्रश्न तिच्यापुढे नव्हताच. तरीही पुढच्या वाचकांनी तो निर्णय त्या भाषणांवर आणि कवितांवरही ओढून घेतला. बिचारा वेडा होता, असे म्हटले की आवडत्या कवीचे नावडते वाचावे लागत नाही. ही सवय केवळ पाउंडपुरती नाही. प्रतिभा आणि उन्माद ही सख्खी भावंडे आहेत असे आपण कौतुकाने म्हणत आलो आहोत. त्या कौतुकात एक अपमान लपलेला असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. वेड्याशी कोणी वाद घालीत नाही. त्याचे फक्त ऐकून घेतात, किंवा तेही करीत नाहीत.

या पार्श्वभूमीवर मर्ढेकरांच्याच बाबतीतली एक गोष्ट आठवते. 'काही कविता' या त्यांच्या १९४७ च्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि ते निर्दोष सुटले. तो खटला होणे ही मराठी संस्कृतीला शोभणारी गोष्ट नव्हती. तरी त्यात एक गोष्ट गृहीत होती. या कवीने जे लिहिले ते जाणून लिहिले आहे, त्याला त्याचा अर्थ आहे, आणि तो त्या अर्थाच्या बाजूने उभा राहू शकतो. त्या खटल्याने कवीला आरोपी केले, पण अपात्र केले नाही.

मग समीक्षकाने करावे काय? त्याने फाशीची मागणी करावी असे कोणी म्हणणार नाही. तुरुंगाचे काम समीक्षेचे नव्हे. एलिझाबेथ बिशपने आपल्या इस्पितळातील भेटींवर एक कविता लिहिली आहे. तिची बांधणी पोरांच्या साखळीगीतासारखी आहे. प्रत्येक कडव्यात तोच माणूस, पण त्याचे विशेषण दरवेळी बदललेले. कधी ते आदराचे, कधी दोषाचे, कधी नुसत्या थकव्याचे. कोणत्याही एका विशेषणावर ती थांबत नाही आणि कोणतेही मागे घेत नाही. चार तज्ज्ञांच्या एकमतापेक्षा ही तपासणी मला अधिक पूर्ण वाटते. कारण तिने त्या माणसाला सर्व बाजूंनी पाहिले आणि तरीही त्याला माणूस म्हणून समोर बसवले.

अखेरच्या वर्षांत पाउंड जवळजवळ मूक झाला होता. १९६७ मध्ये व्हेनिस येथे अॅलन गिन्सबर्ग या ज्यू कवीला भेटल्यावर तो बोलला. ज्यूद्वेष हा आपला सर्वांत वाईट अपराध होता आणि तो एक क्षुद्र, मूर्ख पूर्वग्रह होता, अशा अर्थाचे ते शब्द होते. ते पुरेसे होते की नाही यावर मतभेद राहतील. लक्षावधींच्या मरणापुढे 'मूर्ख पूर्वग्रह' हे शब्द फार तोकडे आहेत असे मलाही वाटते. पण ते एक उत्तर होते. ज्याच्याविषयी कायमचा असमर्थ म्हणून प्रतिज्ञापत्र दिले गेले होते, त्याने नऊ वर्षांनी, कोणी न विचारता, खासगी बैठकीत आपला जबाब दिला. तो न्यायालयात, सर्वांसमक्ष, प्रतिप्रश्नांना तोंड देत दिला गेला असता, तर आपल्याला आणि त्यालाही त्या कविता अधिक स्वच्छपणे वाचता आल्या असत्या. ते आता होणे नाही. मात्र 'पिझान कँटोज' उघडताना ती एका रोग्याची कैफियत नसून एका समर्थ कवीचे संपूर्ण निवेदन आहे, असे मानून वाचणे आपल्या हाती आहे. तसे वाचले तर त्यातला पुदिना अधिक दरवळेल, आणि त्यातले विष अधिक कडू लागेल.